पाच वॉट

गेल्या वर्षी श्रावणात मी माझ्या मुलाची एक वस्तू त्याला न विचारता विकायला काढली. हे एक वाक्य लिहायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्या वेळात एरवी माझ्या कादंबरीचे अर्धे प्रकरण होते. मास्तरकी करणाऱ्या माणसाला दुसऱ्यांचे कबुलीजबाब ऐकण्याची सवय असते. स्वतः देण्याची नसते.

ती वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटारचा ॲम्प्लिफायर. काळ्या रेक्झिनने मढवलेले एक खोके, पुढे जाळीचे कापड, वर उचलायला पट्टा. कोपऱ्यात उभे असले की पाहुण्यांना ती ट्रंक वाटायची आणि ते खुशाल तिच्यावर चहाचा कप ठेवायचे. पुढच्या अंगाला एकच बटण, आवाजाचे. खर्ज वाढवायची सोय नाही, टीप वाढवायची सोय नाही. आत काचेचे दोन व्हॉल्व्ह, एक अंगठ्याएवढा आणि दुसरा त्याच्याहून बोटाच्या पेराइतका उंच. त्या खोक्यावर कोणत्या कंपनीचे नाव होते ते सांगण्याचे कारण नाही. या जातीची खोकी अनेकांनी बनवली, आणि सगळ्यांच्या कपाळी एकच शिक्का बसला : 'नवशिक्यांसाठी'. शिकाऊ पोराने सहा महिने वापरावे आणि मग मोठा ॲम्प्लिफायर घेताना अर्ध्या किमतीला फुंकून टाकावे, अशी त्याची ख्याती.

चिरंजीव अकरावीत असताना हे खोके आमच्या घरी आले. क्लासच्या फीचे नऊ हजार रुपये घेऊन तो सांगलीला गेला आणि परत येताना क्लासच्या पावतीऐवजी हे घेऊन आला. त्या रात्रीचे संभाषण मला अजून पाठ आहे.

"किती वॉटचा आहे हा?" मी विचारले.

"पाच."

"पाच? अरे, आपल्या न्हाणीघरातला दिवा नऊ वॉटचा आहे!"

या वाक्यावर मी तेव्हा फार खूष झालो होतो. पुढे कळले की ते वाक्य निव्वळ अज्ञानाचे होते. दिव्याचे वॉट म्हणजे तो किती वीज खातो ते. ॲम्प्लिफायरचे वॉट म्हणजे तो स्पीकरला किती शक्ती देतो ते. शिवाय कान हा फार हिशेबी अवयव नाही. शक्ती दहापट केली तरी कानाला आवाज साधारण दुप्पटच झाल्यासारखा वाटतो. म्हणजे पन्नास वॉटचे धूड पाच वॉटच्या या खोक्यापेक्षा फक्त दुपटीने मोठे बोलते. आणि दुपटीने काय, ते निम्म्यानेच बोलले तरी आमच्या दोन खोल्यांच्या घराला पुरून उरते, हे दुसऱ्याच दिवशी सिद्ध झाले.

त्या दिवशी मी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणावर होतो. माझी नायिका मरणशय्येवर होती. आता नायिकेला मारायचे म्हणजे थोडी शांतता लागते. ती नवऱ्याला शेवटचे दोन शब्द सांगणार एवढ्यात भिंतीपलीकडून असा काही खणखणाट झाला की माझ्या हातून शाईचा फराटा उठला. मी उठलो, सौ.च्या कपाटातली नेलपॉलिशची बाटली आणली आणि त्या एकुलत्या एका बटणावर दोनच्या आकड्यासमोर एक लाल ठिपका दिला. "याच्यापुढे जायचे नाही," मी म्हणालो. बटण बारापर्यंत फिरत होते.

चार वर्षे तो ठिपका तिथे होता, आणि चार वर्षे माझ्या मुलाने तो ओलांडला नाही. या आज्ञाधारकपणाचा मला मोठा अभिमान होता. मात्र त्या दोनच्या आकड्यावर जो आवाज निघे तो अगदीच पातळ, किरटा, डब्यात खडे वाजवल्यासारखा. खाली सतत एक घरघर. ते ऐकून मी मनाशी निकाल देऊन टाकला होता की पोराच्या हातात काही नाही. पुढे डिप्लोमाचे दुसरे वर्ष अर्धवट टाकून तो जेव्हा म्हणाला, "बाबा, मला हे जमणार नाही, मी पुण्याला एका साउंडवाल्याकडे कामाला जातो," तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. एवढेच सांगतो, की त्यात 'खेळणे' हा शब्द होता. तो दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीने गेला. जाताना साधी लाकडी गिटार तेवढी नेली. इलेक्ट्रिक गिटार आणि खोके कोपऱ्यात राहिले. त्यानंतर त्याचे फोन येत, पण आईला. मी खोलीत असलो तर ती फोन घेऊन स्वयंपाकघरात जाई.

तर श्रावणात मी खोके विकायला काढले. कारण विचाराल तर जागा अडते हे मी सौ.ला सांगितले. खरे कारण असे, की रोज लिहायला बसलो की ते समोर दिसे.

गिऱ्हाईक आले ते एका ऑर्केस्ट्रात वाजवणारा तरुण. त्याने पिन लावली, गिटार जोडली, चार तारा छेडल्या. घरघर, आणि वर तो खडे वाजवल्याचा आवाज. त्याने तोंड वाकडे केले. "काका, हे खेळणं आहे हो. तीन हजार देतो, तेही तुम्ही मास्तर म्हणून."

वाचकहो, मनुष्यस्वभाव मोठा चमत्कारिक आहे. हाच शब्द मी स्वतः वापरला होता, त्याच वस्तूविषयी, त्याच खोलीत. पण परक्याच्या तोंडून तो ऐकला आणि माझे डोके फिरले. आपल्या पोराला आपण हजारदा 'ढ' म्हणावे, पण शेजाऱ्याने एकदा म्हटले की आपण त्याची प्रगतिपुस्तके काढून दाखवू लागतो. "विकायचे नाही," मी म्हणालो. गिऱ्हाईक गेले. आता मात्र ते खेळणे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी माझ्यावर आली, आणि माझे विज्ञान तर मॅट्रिकला होते तिथेच थांबलेले.

मिरजेत आमच्या पेठेत एक आण्णा आहेत. पंचाहत्तरी उलटली आहे. व्हॉल्व्हच्या रेडिओंचे दिवस त्यांनी दुकानात काढले. रेडिओ गेले, दुकान गेले, पण पत्र्याच्या डब्यातले व्हॉल्व्ह त्यांनी जपून ठेवले आहेत. मी खोके त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी मागची फळी काढली, आत डोकावले, आणि हरवलेला भाचा भेटावा तसे म्हणाले, "अरे, हा तर आमच्या रेडिओतला!"

तो उंच व्हॉल्व्ह ईएल-84 या जातीचा. 1950 नंतरच्या दशकात युरोपातल्या घरगुती रेडिओंत तो सर्रास असे. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही तो एके काळी बनवला. विलायतेतल्या पोरांनी हाच व्हॉल्व्ह गिटारच्या खोक्यांतून गर्जताना ऐकला. बीटल्स मंडळींच्या व्हॉक्स ॲम्प्लिफायरमध्ये तोच होता. धाकटा व्हॉल्व्ह ईसीसी-83. तो गिटारकडून आलेली क्षीण कुजबुज उचलून मोठी करतो आणि थोरल्याच्या हाती देतो.

व्हॉल्व्हचे काम आण्णांनी मला पाटाच्या पाण्यावरून समजावले. आतली तार तापते, त्या उष्णतेने एका पत्र्यावरून विजेचे कण सुटतात आणि दुसऱ्या पत्र्याकडे धावतात, हा पाट. मध्ये एक बारीक जाळी; हे पाटाचे दार. गिटारची कुजबुज त्या दारावर येते. गड्याने फळी बोटभर हलवली तरी पाटाचे पाणी केवढे कमीजास्त होते! अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्टने 1906 साली ही मधली जाळी बसवली, आणि त्यावर पुढे रेडिओचे सगळे युग उभे राहिले. 1947 साली ट्रान्झिस्टर आला आणि हळूहळू व्हॉल्व्ह सगळीकडून हद्दपार झाले. गिटारवाल्यांनी मात्र त्यांना घर दिले. आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात.

"मास्तर, एक हात खिशात घाला," आण्णा मध्येच म्हणाले.

मला वाटले पैसे मागताहेत. पण नाही. उघड्या व्हॉल्व्हच्या यंत्रात काम करताना एकच हात आत घालायचा आणि दुसरा खिशात ठेवायचा, हा त्या धंद्यातला जुना नेम. चुकून धक्का बसलाच तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडू नये म्हणून. आत तीनशेच्या आसपास व्होल्ट खेळतात, आणि पिन काढल्यावरही कंडेन्सर ते पोटात धरून बसतात. आण्णांनी आधी ते एका रेझिस्टरमधून रिते केले, मोजून खात्री केली, आणि मगच हत्यार हातात घेतले. हे वाचून कुणी उत्साहाने घरातले यंत्र उघडू नये, म्हणून मुद्दाम सांगतो.

दोष दोन निघाले. व्हॉल्व्हच्या सॉकेटमध्ये चार वर्षांची धूळ, आणि एक मोठा कंडेन्सर सुकलेला. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. ती सरळ करताना त्याचे शंभर होतात, आणि ते गिळून टाकणे हे या कंडेन्सरचे काम. तो सुकला की ते शंभर हेलकावे स्पीकरमधून घरघरत बाहेर येतात. आण्णांनी कंडेन्सर बदलला, सॉकेट धुतले, आणि डब्यातून भारत इलेक्ट्रॉनिक्सचा एक ईएल-84 काढून जुन्याच्या जागी बसवला. घरघर नव्वद टक्के गेली. आवाज मात्र अजून किरटाच.

"यंत्र आता निरोगी आहे," आण्णा म्हणाले. "गात का नाही, ते गाण्यातल्या माणसाला विचारा."

मिरजेत गाण्यातला माणूस शोधायला लांब जावे लागत नाही. दीडशे वर्षांहून अधिक काळ आमच्या गावात सतारी आणि तंबोरे बनतात. 2024 साली त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्यांच्या कंठाने किराणा घराणे महाराष्ट्राला ओळखीचे झाले ते अब्दुल करीम खाँसाहेब 1937 साली गेले. त्यांची कबर इथल्याच दर्ग्यात आहे. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तंबोरे करणारे एक चाचा राहतात. मी एका संध्याकाळी खोके आणि गिटार घेऊन त्यांच्याकडे गेलो. चाचांनी जन्मात इलेक्ट्रिक गिटार हातात धरली नव्हती. त्यांनी ती तंबोऱ्यासारखी उभी मांडीशी घेतली, खुंट्या पिळून तारा षड्ज-पंचमात लावून टाकल्या, आणि डोळे मिटून एकेक छेडली.

खोक्याची उरलेली बारीक घरघरही त्यांनी ऐकली. "हे पांढरी पाचच्या अंमळ वर बोलतंय," ते म्हणाले. मी घरी येऊन हिशेब केला. पांढरी पाच खर्जात सेकंदाला सुमारे अठ्ठ्याण्णव कंपने, आणि ही घरघर शंभर. त्या कानाला मी मनोमन नमस्कार केला.

मग त्यांनी निदान सांगितले. "मास्तर, दोन गोष्टी हायत. एक, ह्याचा भोपळा लहान हाय. दुसरं, ह्याची जवारी बंद हाय."

भोपळा म्हणजे स्पीकर, हे माझ्या लगेच ध्यानात आले. आठ इंचांचा स्पीकर आणि एवढेसे खोके. त्यात तारेचा खर्ज मावणार कसा? पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येणारे मोठाले भोपळे चाचा ठोकून ठोकून निवडतात ते उगाच नव्हे. पण जवारी?

चाचांनी एक तंबोरा पुढे ओढला. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती किंचित उताराची घासलेली असते. तार तिच्यावरून सुटताना क्षणोक्षणी हळूच चाटून जाते. तिच्याखाली दोऱ्याचा तुकडा सरकवून तो चाटण्याचा नेमका बिंदू शोधतात. तो सापडला की एका तारेतून अनेक स्वर उमलतात : षड्ज, त्यावरचा षड्ज, वरचा पंचम, आणि कुणीच न छेडलेला तो स्वयंभू गंधार. याला जवारी खुलणे म्हणतात. दोरा काढून घ्या; तीच तार, तोच भोपळा, पण आवाज मुका.

व्हॉल्व्हचेही अगदी असेच आहे, हे मला पुढे आण्णांकडून आणि थोड्या वाचनातून उमगले. व्हॉल्व्हला हलके काम दिले तर तो जे आले ते मुकाट्याने मोठे करून देतो. पण त्याला त्याच्या ताकदीच्या काठापर्यंत नेले की लाटेचे माथे तो हळूहळू गोल करू लागतो. ट्रान्झिस्टर काठाशी आला की सहसा माथा कात्रीने कापल्यासारखा छाटतो. व्हॉल्व्ह तो दाबतो, वाकवतो. त्या गोलाईतून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे नवे स्वर जन्मतात. एकाच शक्तिव्हॉल्व्हवर चालणाऱ्या छोट्या खोक्यात तर दुप्पट कंपनांचा, म्हणजे वरच्या षड्जाचा अंश विशेष उतरतो. गिटारवाले ज्याला 'टोन' म्हणून आयुष्यभर शोधत फिरतात तो हा. व्हॉल्व्हची जवारी खुलते ती त्याला पुरते काम दिल्यावर. आणि मी तर दोनच्या आकड्यावर ठिपका दिला होता!

'नवशिक्यांसाठी' या शिक्क्याची गंमतही मला तेव्हाच कळली. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने 1938 साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. आमच्या आण्णांच्याच जातकुळीचा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पुढे त्याने शिकाऊ मुलांसाठी 'चॅम्प' नावाचे एक स्वस्त खोके काढले : एक शक्तिव्हॉल्व्ह, जेमतेम पाच वॉट, आणि आवाजाचे एकच बटण. 1970 साली एरिक क्लॅप्टन आणि ड्युएन ऑलमन हे दोन नामांकित गिटारवादक मायामीच्या स्टुडिओत एक संग्रह ध्वनिमुद्रित करायला बसले. त्याला नाव दिले होते आपल्या ओळखीच्या लैला-मजनूच्या लैलेचे. त्यात त्यांनी असली लहानशी चॅम्प खोकी वापरल्याचे प्रसिद्ध आहे. मायक्रोफोनला खोक्याचा आकार दिसत नाही. आवाज तेवढा ऐकू येतो. लहान खोके असल्याने कान फाटण्यापूर्वीच व्हॉल्व्ह काठावर येतो, हाच त्याचा गुण. ज्याला सगळे उणीव म्हणत होते तेच त्याचे भांडवल.

मी लालठिपकावाला मास्तर. माझ्या डोळ्यांपुढे मागच्या बाकावरची काही तोंडे आली. पण ते प्रकरण निराळे. त्याला दिवाळी अंक पुरायचा नाही.

घरी बटण पुढे नेण्याची सोय नव्हती. म्हणून एका रविवारी आम्ही तिघे, आण्णा, चाचा आणि मी, खोके घेऊन शाळेत गेलो. मुख्याध्यापकांची परवानगी मी 'ध्वनीविषयक प्रयोग' या सदरात मिळवली. आण्णांनी कुठल्याशा ऑर्केस्ट्रावाल्याकडून बारा इंची स्पीकरचे पिंप मागून आणले होते. त्याचे आठ ओहम खोक्याच्या आठ ओहमशी जुळतात हे त्यांनी तीनदा पाहिले. आणि बजावले, "एक वेळ गिटारशिवाय चालू करा, पण स्पीकर जोडल्याशिवाय कधी नाही. आतला ट्रान्सफॉर्मर जाईल."

पहिली सुधारणा फुकटात झाली. चाचांनी स्पीकर कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दूर एका बाकावर ठेवायला लावला. कोपऱ्यात जमिनीवर ठेवला की दोन्ही भिंती आणि फरशी मिळून खर्ज उगाच घुमवतात, आणि स्वच्छ टीप जाते ती ऐकणाऱ्याच्या गुडघ्यांकडे. चार वर्षे आमच्या घरी गुडघ्यांनीच गिटार ऐकली होती.

दुसरी सुधारणा आण्णांची. त्यांनी ईसीसी-83 काढून त्याच्याच ठेवणीचा ईसीसी-81 बसवला. पहिल्याचा वर्धनांक शंभर, दुसऱ्याचा साठाच्या आसपास. धाकटा जरा कमी ओरडू लागला तेव्हा थोरल्याला आपले म्हणणे मांडायला जागा मिळाली. घराघरांत हे लागू पडते, असे आण्णांचे मत.

आणि तिसरी सुधारणा मी केली. खिशातून आठ आण्याचे जुने नाणे काढून बटणावरचा लाल ठिपका खरवडला. पुरता गेला नाही; एक डाग राहिला. मग बटण फिरवले. चार. सहा. आठ. चाचांनी तार छेडली.

काय सांगू? रिकाम्या वर्गात तो स्वर उभा राहिला. आधी नुसता भरीव वाटला, मग त्याच्या आतून वरचा षड्ज दिसू लागला, मग पंचम. तार विझत आली तशी त्यातली धार विरघळली आणि अगदी निखळ, गोड आवाज शेवटपर्यंत तग धरून राहिला. चाचांनी गिटारवरचे छोटे बटण अर्धे खाली केले. खोक्याला कुणी हात लावला नव्हता, तरी आवाज आता दुधासारखा स्वच्छ. पुन्हा वर नेले, पुन्हा धार. एकाच बटणाचे खोके म्हणून मी हिणवत होतो त्याचे दुसरे बटण वाजवणाऱ्याच्या हातात होते!

"खुली," चाचा एवढेच म्हणाले.

आण्णांनी चष्मा पुसला. मी फळ्याकडे बघत उभा राहिलो. मला त्या क्षणी आनंद झाला असे म्हणणे खोटे ठरेल. मला आठवत होता तो चार वर्षांचा किरटा आवाज, आणि तो ऐकून मी दिलेला निकाल. परीक्षा मी घेतली होती, आणि पेपर अर्धा फाडून मुलाच्या हातात दिला होता.

दिवाळीत तो येणार की नाही हे शेवटपर्यंत ठरत नव्हते. धनत्रयोदशीच्या रात्री दहाच्या गाडीने आला. वाळला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले, फराळाची ताटे मांडली. खोके माझ्या लिहिण्याच्या टेबलाशेजारी एका बाकावर होते. शेजारी बारा इंची स्पीकर, जो मी एव्हाना ऑर्केस्ट्रावाल्याकडून विकत घेऊन टाकला होता.

"हे इथं वर का ठेवलंय?" त्याने आईला विचारले.

"कोपऱ्यात घुमतो," मी उत्तर दिले.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी आठवडाभर भाषण तयार केले होते. मास्तराला त्याची काय वाण! पण ऐन वेळी एकच वाक्य आठवले. "श्रावणात मी हे विकायला काढलं होतं. तुला न विचारता."

सौ.चा हात चकलीच्या डब्यात तसाच राहिला. बाहेर कुणाच्या तरी लवंगी माळेचा तडतडाट झाला आणि थांबला.

"किती देत होता?" त्याने विचारले.

"तीन हजार."

"फसवत होता तो तुम्हाला, बाबा," तो म्हणाला, आणि करंजी मोडून खाऊ लागला.

फराळ झाल्यावर तो उठला. पिन लावली. व्हॉल्व्ह तापेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबावे लागते; तेवढ्यात त्याने मागून वाकून आत पाहिले. "ईसीसी-81? हे कुणी केलं?" मग गिटार उचलली, तारांवरून अंगठा फिरवला आणि थबकला. "आणि ही अशी कुणी लावली?"

"चाचांनी."

त्याने तारा बदलल्या नाहीत. त्याचा हात बटणावर गेला. दोनपाशी, जिथे लाल डाग उरला होता, तिथे बोट थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. मग बोट पुढे गेले. त्याने काय वाजवले त्याचे नाव मला सांगता येत नाही. त्याच्या हातात काय आहे ते मात्र मला पहिल्यांदा ऐकू आले. ते थोडे कच्चे होते, घाई होती, पण ते होते. वर्षातला तो एकच दिवस असा, की आवाजाबद्दल शेजारी तक्रार करत नाहीत. शेवटी तक्रार आली ती सौ.ची, ती म्हणाली, "अहो, निदान आज तरी त्याला हळू वाजव म्हणू नका." मी काही म्हणालोच नव्हतो. चार वर्षांची सवय, तिच्याही कानांना.

भाऊबीज झाल्यावर तो खोके घेऊन पुण्याला गेला. त्याने डिप्लोमा पुरा करावा असे मला अजूनही वाटते, आणि मी ते त्याला सांगतो. आता तो ऐकून घेतो, एवढेच. तो त्यातून काय करील हे मला माहीत नाही. कादंबरीत मी शेवट ठरवून लिहितो. इथे ते माझ्या हाती नाही.

परवा रात्री फोन आला. सौ.ने उचलला, दोन शब्द बोलली आणि फोन माझ्यापुढे धरला. "तुमच्यासाठी आहे."

खोके पुन्हा घरघरू लागले होते. बहुधा दुसरा कंडेन्सर. आण्णांनी काय केले होते ते त्याला नीट विचारून घ्यायचे होते. मागची फळी त्याने काढूनच ठेवली होती.

"सांगतो," मी म्हणालो. "आधी पिन काढ. आणि एक हात खिशात घाल."